अत्तर नको, उद्या हॉप्स आहेत

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, सून बिस्किटांच्या कंपनीत आहे. मी होते बिअरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळकी फुलं. ती तळहातावर चोळायची, हुंगायची आणि कुठल्या जातीचा वास कसा ते लिहायचं. कॅस्केड जातीला मी लिहायचे पपनसाची साल, साझला धणे. साहेबांना हे खपत नसे.

"गजरे माळणाऱ्या बायकांचं नाक काय कामाचं?" म्हणायचे. पुढच्या चाचणीत चुकलात तर परत लेबलं मोजायला जा, असं त्यांनी बजावलंही होतं.

मला ते काम सोडायचं नव्हतं. गजरा, पावडर, केसांचं तेल, सगळं बंद केलं. आणि नेमकं चाचणीच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. काकू अत्तर घेऊन समोर आल्या आणि मी हात मागे घेतला.

"अगं, सवाष्णीने नाही म्हणू नये. जरासंच लावतेय."

"नको काकू. दोन दिवस वास जात नाही. उद्या काम आहे."

"बिस्किटांना काय होतंय?"

"बिस्किटं नाहीत. बिअर आहे."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मान खाली घातली. घरी आल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण बोलल्याचा पश्चात्ताप नाही झाला.

सकाळी समोर तीन झाकलेल्या वाट्या. दोन वाट्यांत साझ, एकीत टेटनांग; वेगळी वाटी वासावरून ओळखायची. वासाला सख्ख्या बहिणीच त्या जाती. प्रयोगशाळेतले बाकीचे दोघे चुकले. मी तिसरी वाटी पुढे सरकवली.

"तुक्का लागला," साहेब म्हणाले.

"मग बदला वाट्या."

त्यांनी दोनदा बदलल्या. दोन्ही वेळा मी टेटनांगच काढली आणि फॉर्मवर ठसठशीत लिहिलं, गवती चहा. लेबलांचा विषय पुन्हा निघाला नाही.

"टिकले," मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी पान वाढलं.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सगळ्यांना लावून झाल्यावर शेजारच्या काकूंनी अत्तराची बाटली उचलली. "आता सुनेला मी लावते."

सासूबाईंनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि बूच लावलं.

"तिला नको," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उद्या तिला बिअरच्या कारखान्यात जायचंय."