उतारावरून न पडता

सोलंगचा बर्फाळ उतार सकाळच्या उन्हात चमकत होता आणि त्यावर स्नोबोर्डवरून मी सारखी पडत होते. नवरा जाऊन वर्ष झालं तरी मी घराबाहेर पडेना, म्हणून मैत्रिणींनी मला ओढून मनालीला आणलं होतं.

"अहो लायब्रेरियन बाई, बूट काय वाचताय? समोर बघा की!" त्यांच्यातली सुनंदा ओरडली.

खरंच, वर्षभर मी खालीच पाहत चालले होते, पाऊल चुकेल या भीतीनं. मान वर केली, पायथ्याचं लाल निशाण पाहिलं, आणि स्नोबोर्ड आपणहून तिकडे वळला. न पडता थेट खाली पोचले! मैत्रिणी नुसत्या किंचाळत होत्या.

संध्याकाळी डिस्कोत त्यांच्याबरोबर नाचताना नवऱ्याची आठवण आली. थांबले नाही, त्या आठवणीला घेऊनच नाचत राहिले.