वलांडीचा पहिला खड्डा

गेल्या रविवारी सकाळी खिळ्यावरची क्लबरूमची चावी गुपचूप काढली आणि थेट मैदान गाठलं… नवऱ्याला सांगून गेले असते तर भांडण झालं असतं. आणि भांडून भांडून आम्ही दोघंही आधीच दमलो होतो.

आमची वाडी रेवदंड्याच्या खाडीला लागून. फुटबॉल क्लब माझ्या सासऱ्यांच्याही आधीचा. मैदान क्लबचं, आणि मैदानाभोवतीचा वाळूचा पट्टाही क्लबच्याच नावावर. त्या पट्ट्यावर आम्ही बायका बोंबील वाळवतो… सासू वाळवायची, तिची सासूही वाळवायची.

बाहेरच्यांसाठी सांगते. बांबू रोवायचे, मध्ये दोऱ्या ताणायच्या आणि बोंबलांची जोडी तोंडात तोंड अडकवून दोरीवर टांगायची. याला आम्ही वलांडी म्हणतो. पावसाळ्यात मासेमारी बंद, ऊन नाही… मग बांबू उपटून क्लबरूममध्ये ठेवायचे आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा उभे करायचे.

खड्डे मात्र क्लबच्या पोरांनी खणायचे, पहिली पहार सेक्रेटरीने मारायची. त्याबदल्यात वाळलेल्या बोंबलांची पहिली टोपली क्लबची. हा रिवाज कोणी पाडला ते कोणालाच माहीत नाही, पण आजवर कोणी मोडला नव्हता.

तर या पावसाळ्यात मुंबईची एक कंपनी आमचा क्लबच घ्यायला आली. टर्फ, फ्लडलाइट, कोच, पोरांना नवे बूट… सगळं देणार. बदल्यात भोवतालच्या पट्ट्यावर बंगले बांधणार. आमच्या मैदानाला ते ‘स्टेडियम’ म्हणत होते! अहो, बसायला चार पायऱ्या आहेत, त्याही शेवाळलेल्या.

त्यांनी नकाशा दाखवला. त्यात आमच्या पट्ट्यावर लिहिलेलं, ‘मोकळी जागा’. भर पावसात येऊन मोजून गेले होते ना… तेव्हा तिथे गवत आणि बेडूक, दुसरं काय दिसणार!

मला नकाशाचा एवढा राग नाही आला. राग आला नवऱ्याचा. तो क्लबचा सेक्रेटरी, एकेकाळचा गोलकीपर… आणि नकाशा बघून गप्प बसला. घरी विचारलं तर म्हणतो, “पोरांचं भलं व्हईल गं. तुम्हाला देतील दुसरीकडं जागा.”

दुसरीकडे म्हणजे कुठे? खाडीच्या तोंडावरचा हा वारा दुसरीकडे कुठून आणणार? माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून घरात मासे बंद. दुधी, पडवळ, पुन्हा दुधी… कोळ्याच्या ताटात रोज दुधी! निमूट गिळायचा बिचारा, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं.

क्लबमध्ये मत फक्त सभासदांना, आणि सभासद सगळे पुरुष. रविवारी कंपनीचे साहेब येणार, मैदानावरच मीटिंग, हात वर करून निर्णय. आम्हाला कोण विचारतंय! मग मी, शेजारची हिरामावशी आणि बाकीच्या बायकांनी ठरवलं… रडायचं नाही, हातापाया पडायचं नाही. वलांडी उभी करायची. ऊन पडलंय, वेळ झालीय, आमचं काम आम्ही करणार.

पोरांना यंदा बोलावलं नाही. ती नव्या बुटांच्या स्वप्नात, त्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं? बांबू आम्हीच ओढत आणले, खड्डे आम्हीच खणायला घेतले. वाळूत खड्डा खणून बघा एकदा… जेवढी काढाल तेवढी परत आत. हिरामावशी या वयात पहार मारत होती आणि प्रत्येक घावाला कंपनीला एक शिवी हासडत होती. त्या इथे लिहिता येणार नाहीत.

साहेब आले. खुर्च्या मांडलेल्या, सभासद बसलेले… आणि सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे. साहेबांनी नवऱ्याला विचारलं, “ये जगह तो खाली थी ना?”

मी हात थांबवले नाहीत, पण कान तिकडेच. मनात म्हटलं, आज हा माणूस ‘हो’ म्हणाला ना, तर जन्मभर दुधी!

तो उठला. सरळ माझ्याकडे चालत आला आणि माझ्या हातातली पहार ओढून घेतली. “पहिला खड्डा सेक्रेटरीचा असतो. तू कशाला हात लावलास?” मग मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, “पावसात खाली असते साहेब. आता न्हाय!”

आणि मारली की पहार. टीमचा कॅप्टन इम्तियाज उठला, चपला काढून वाळूत उतरला… त्याच्या मागून सगळी टीम. मला रडू आलं, उगाच कशाला लपवू. हिरामावशी मात्र पोरांवरच ओरडली, “खोल खणा रे मेल्यांनो, उगाच उकरू नका!”

दुपारी हात वर झाले. टर्फ हवं, कोच हवा, पण पट्टा द्यायचा नाही. साहेब म्हणाले, पट्टा नाही तर काहीच नाही. गाडीत बसले आणि गेले.

म्हणजे फ्लडलाइट गेले, बूटही गेले. इम्तियाज परवा शिवलेल्या बुटांनी प्रॅक्टिस करत होता… बघून जीव तुटला माझा. या पोरांनी आमच्यासाठी काय सोडलं, ते आम्ही बायका विसरणार नाही.

त्या संध्याकाळी ओल्या बोंबलांचं कालवण केलं. नवऱ्याने मागून मागून भात घेतला, मी वाढत राहिले.

कंपनी परत येणार, पुढच्या पावसात येणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलंय… यापुढे पावसाळ्यात बांबू उपटायचे नाहीत. कुजले तर कुजू देत. नवे रोवू, आणि पहिला खड्डा सेक्रेटरीच खणेल.