चार वाजताची हजेरी

लिफ्टमामांचा एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून कमावलेला होता: जे खाली गेलं ते वर येणारच. आपण फक्त धीर धरायचा आणि आत अडकलेल्यांना बाहेरून गप्पा मारत ठेवायचं. हा सिद्धांत त्यांनी लिफ्टपुरता ठेवला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण मामांनी तो टॅबलेटच्या भावाला लावला.

टॅबलेट म्हणजे अगदी सुरुवातीचे, जाडजूड पाठीचे. ते पहिल्यांदा बाजारात आले तेव्हा मामा नोकरीत होते. अख्ख्या महिन्याचा पगार देऊन त्यांनी एक घरी आणला. मामी, म्हणजे त्यांची बायको, शिलाई मशीनवर कुणाचा तरी कोट शिवत होत्या.

"अगं, यात सगळं होतं, सगळं!" मामा म्हणाले.

"काजं करतो?"

काजं तो करत नव्हता. पण बाकीचं जे करायचा त्यानं मामा इतके हरखून गेले, की आठवडाभर लिफ्टच्या खोलीतसुद्धा तो पोटाशी धरून फिरत होते. मग वर्ष उलटतं न उलटतं तोच त्याच कंपनीनं नवा काढला. अर्ध्या जाडीचा, दुप्पट वेगाचा, वर कॅमेरावाला. जुन्याचा भाव थेट तळमजल्याला! लोक आपापले टॅबलेट मिळेल त्या किमतीला फुंकून टाकू लागले. शहाण्या माणसानं अशा वेळी कपाळाला हात लावला असता. मामांनी खिशात हात घातला आणि आणखी अकरा विकत घेतले.

"आता बघच तू भाव कसा चढतो," ते मामींना म्हणाले.

याला चौदा वर्षं झाली. भाव काही तळमजला सोडेना. कंपनीनं सुधारणा पाठवणं कधीच बंद केलं होतं. नवीन ॲप घालायला जावं तर टॅबलेट सरळ नाही म्हणे, जड पान उघडावं तर अर्ध्यातच मिटून घेई. चार्जिंगची वायर कंगव्याएवढी रुंद, ती आता कुठल्या दुकानात मिळेना. मात्र पडदा अजून लख्ख होता आणि बॅटरी दिवस दिवस उतरत नव्हती. या दोन गोष्टींवर मामा कुणाशीही भांडायला तयार असत.

पॅसेजमधल्या कपाटात त्यांनी स्वतः फळ्या ठोकून प्रत्येकाला घर करून दिलं होतं. पाठीवर नंबर चिकटवले होते. आणि रोज दुपारी चार वाजता हजेरी व्हायची. सगळ्यांत चारचा गजर लावलेला. इंटरनेट नसल्यामुळे प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढेमागे सरकलेलं. तीन नंबर आगाऊ, तो सगळ्यांच्या आधी वाजायचा. नऊ नंबर शेवटी, जांभई दिल्यासारखा. मामा वही घेऊन कपाटासमोर उभे राहत आणि कोण किती सेकंद उशिरा आला ते लिहीत. जो वाजणार नाही तो आजारी, त्याला ताबडतोब उघडायचं. वहीत एक रकाना भावाचाही होता. तो चौदा वर्षं कोरा.

हजेरीत एक गैरहजर होता. पाच नंबर. तीन वर्षांपूर्वी तो कपाटातून नाहीसा झाला. मामांचा संशय सरळ भंगारवाल्यावर गेला, कारण त्या आठवड्यात तो रद्दी न्यायला वर आला होता. मामांनी त्याला जिन्यात उभं करून असं काही सुनावलं, की तेव्हापासून तो तिसऱ्या मजल्याची पायरी चढत नव्हता. खालूनच हाक मारायचा.

आणि आता मामींनी कपाट रिकामं करायला शनिवारची मुदत दिली होती. त्यांना एका गायनवृंदाच्या अकरा कोटांचं काम मिळालं होतं, कापडाचे गठ्ठे पलंगावर येऊन पडले होते आणि मामा दोन रात्री खुर्चीत झोपले होते.

"शनिवारी चारला भंगारवाल्याला बोलावलंय," मामी म्हणाल्या. "काटा घेऊन."

"काटा? अगं, हे काय बटाटे आहेत?"

"बटाट्यांना तरी भाव आहे."

हे लागलं. मामांना पैशाचं फारसं काही नव्हतं. पण चौदा वर्षं साऱ्या इमारतीनं आपली चेष्टा केली आणि शेवटी आपली पाखरं किलोवर जाणार, हे त्यांना सहन होईना. माल नगावर विकला गेला पाहिजे, एक एक, मोजून!

बुधवारी तो गायनवृंद चालवणाऱ्या बाई कोटाची मापं द्यायला आल्या. मामी मापं घेत होत्या. मामींचा लौकिकच असा, की दोनशे गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ. वही नाही, चिटोरा नाही. "सगळं डोक्यात असतं हो," असं त्या म्हणायच्या आणि गिऱ्हाईक थक्क होऊन दुसऱ्यांना सांगायचं. टेप बाईंच्या खांद्यावर होती आणि चार वाजले. कपाटातून एकामागून एक सगळे खणखणले. बाई टेपसकट पॅसेजमध्ये धावल्या.

"हे काय आहे?"

मामांनी सांगितलं. आपला माल काय काय करत नाही तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि ती यादी लांबलचक होती. फोन येत नाही, निरोप येत नाहीत, बातम्या नाहीत, खेळ नाहीत, फोटो निघत नाही. बाईंचे डोळे एकेका वाक्याला मोठे होत गेले.

"म्हणजे गाण्याचं पान उघडलं, की ते पानच राहतं? मधेच कुणाचं काही टपकत नाही?"

"टपकणार कुठून? जगाला त्याचा पत्ताच माहीत नाही."

"मामा, माझे दहा गाणारे फोनवर बघून गातात. गेल्या कार्यक्रमात आलापाच्या मधे एकाला बँकेनं कर्ज देऊ केलं. कागद द्यावेत तर पंख्यानं उडतात. मला अस्सेच मठ्ठ टॅबलेट हवेत! दहा त्यांना, एक मला."

मठ्ठ हा शब्द मामांनी आनंदानं गिळला. ठरलं असं, की शुक्रवारी तीन ते पाच तालमीत अकराही वापरून बघायचे. एकही मधे विझला नाही तर सगळे घेणार. दरही ठरला, आणि तो नगावर होता. पहिला सोडला तर प्रत्येकाला मामांनी दिले होते त्यापेक्षा जास्त!

शुक्रवारी मामा हॉलच्या शेवटच्या खुर्चीत बसले होते. अकरा स्टँडवर अकरा लख्ख पडदे. पान उलटायला प्रत्येक टॅबलेट क्षणभर विचार करायचा, पण उलटायचा. गाणाऱ्यांत एक जाड्या आवाजाचे डेंटिस्ट होते, त्यांचा नऊ नंबर जरा जास्तच विचार करायचा, तेवढ्यात त्यांना श्वास घेता यायचा. साडेतीन झाले, पावणेचार झाले. मामा सारखे बॅटरीचे आकडे पुटपुटत होते. एवढा जीव टांगणीला लागलेला माणूस रोजची सवय विसरणारच. गजर बंद करायचे राहिले होते.

बाईंनी डोळे मिटून हात वर केला होता, सगळे अगदी हळू, अलगद खालच्या सुरावर उतरत होते, आणि तीन नंबर खणाणला. टिटिंग-टिटिंग-टींग! मामा ताडकन उठले, खुर्ची पडली. "आला मेला आगाऊ!" तोवर सहा नंबर, मग एक नंबर, मग दोघं जोडीनं. गाणारे पडद्यावर बोटं आपटू लागले, पण जुना पडदा लाडानं हात लावला तरच ऐकतो. सगळा हॉल टिंगटिंगायला लागला. मामा स्टँडांमधून धावत होते, "क्षमा करा, याची हजेरी असते, क्षमा करा," आणि एकाला गप्प करावं तोवर दुसरा उठत होता. आता नऊ नंबरच राहिला होता. सगळ्यांनी आपोआप श्वास रोखला. डेंटिस्ट त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. आणि तो वाजला. जांभई दिल्यासारखा.

हशा असा फुटला, की एका आजीबाईंना खाली बसवावं लागलं. कुणीतरी टिटिंग-टिटिंग गळ्यातून काढलं, दुसऱ्यानं ते खालच्या पट्टीत उचललं, डेंटिस्टांनी मुद्दाम उशिरा. बाई हसून हसून डोळे पुसत होत्या, पण पुसता पुसता हात ताल देत होता.

"बाई, मी परत नेतो सगळे," मामा रडवेले होऊन म्हणाले.

"खबरदार! एक तरी विझला का?"

एकही विझला नव्हता.

"मग झालं तर. आणि तालमीच्या दिवशी गजर असू द्या. चहाची वेळ झाली ते तरी कळेल."

मामा घरी आले ते जिन्यानं, एक पायरी सोडून एक. लिफ्ट चालू असताना!

शनिवारी कपाटात कोटांचं कापड गेलं. मामी मशीनवर बसल्या. पावणेचारलाच मामांचे पाय सवयीनं कपाटाकडे वळले. हातात वही. चार वाजले. काहीच वाजलं नाही, आणि कालपासून हवेत असलेले मामा एकदम जमिनीवर आले. विकायचं म्हणजे द्यायचंही असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आठ सेकंद गेले. टिटिंग-टिटिंग-टींग.

मशीन थांबलं. आवाज मशीनच्या टेबलातून, खालच्या खणातून येत होता. मामींनी खणावर गुडघा दाबला, पण आवाज काही दबेना. आठ सेकंद उशिरा कोण यायचं हे मामांना वही न बघता माहीत होतं. त्यांनी खण ओढला. अस्तराच्या कापडाखाली पाच नंबर होता. पडद्यावर दोनशे गिऱ्हाइकांची मापं, आणि बोटानं काढलेल्या कॉलरी, खिसे, बाह्या.

"तीन वर्षं?"

"तुमचे अकरा एकदम ओरडायचे," मामी मान खाली घालून म्हणाल्या, "त्यात हा कुणाला ऐकू जाणार होता? काल तुम्ही घरी नव्हतात. आज गजर बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बघ, मी सांगत नव्हतो?"

मामांनी नेमकं तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. मग त्यांना हसू आलं, मामींना आलं, आणि दोघं गजर बंद न करताच हसत बसली. शेवटी मामांनी वही उघडली. पाच नंबर, हजर, आठ सेकंद उशीर.

"आणि भाव काय लिहू?"

मामींनी टॅबलेट त्यांच्या हातातून काढून घेतला. "विकायचा नाही."

कोऱ्या रकान्यात मामांनी ते जसंच्या तसं लिहिलं. तेवढ्यात खालून हाक आली, "मामी, काटा आणलाय!" मामा उठले आणि चपलासुद्धा न घालता जिना उतरू लागले. "अरे, थांब! वर ये बाबा, वर ये! मिळाला! पाच नंबर मिळाला! घरातच होता!"

भंगारवाला काटा छातीशी धरून दोन पावलं मागे सरकला. मामांनी हात जोडले, मग ते पुरेना म्हणून त्याला मिठी मारली आणि तीन वर्षांनी त्याला लिफ्टनं वर आणलं, चहाला.