मालू इटलीला गेलेली नाही

दहा बाय आठच्या फ्लेक्सवर ‘मालू जनू पाटील हिने कॉलेजात इटालियन विषय घेतला’ एवढंच लिहिलं, तर अर्धा फ्लेक्स रिकामा राहतो. रिकामी जागा गिऱ्हाइकाला सहन होत नाही, हे पेणमध्ये फ्लेक्सचं दुकान टाकल्यावर मी पहिल्या महिन्यातच शिकलो. ऑर्डर मालूच्या गावच्या, म्हणजे जित्याच्या पोरांची होती, मजकूर माझ्यावर सोडला होता. मी मागे एक विमान टाकलं, विमानाच्या शेपटीशी तो वाकडा मनोरा टाकला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं: ‘उच्च शिक्षणासाठी इटलीला रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली काळे गॉगल लावलेले शुभेच्छुक. दोन छापले तर स्वस्त पडतं, म्हणून एक पेणच्या एसटी स्टँडसमोर लागला आणि एक रोह्याच्या नाक्यावर. दोन्हीकडच्या लोखंडी चौकटी रोह्याच्या हैबतशेठच्या.

इटलीला रवाना झालेली मालू त्या वेळी जित्याच्या खाली खाडीकडे, बापाच्या मिठागरात, आईबरोबर मीठ ओढत होती. मे महिना होता, कॉलेजला सुट्टी होती.

आठवडाभरात तिला मुंबईहून हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला. आमच्या समाजाचं मुलींचं हॉस्टेल आहे, तिथे तिची खाट होती. बाई म्हणाल्या, तुझी खाट दुसऱ्या मुलीला दिली, ट्रंक घेऊन जा, आणि प्रवास सुखाचा होवो. खाट वाटणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही हेच हैबतशेठ. त्यांनी नाक्यावर गाडीतून फ्लेक्स वाचला होता. नवीन मुलगी त्यांच्याच मेव्हण्याची.

मालू दुकानात आली तेव्हा तिच्या पायांवर मिठाचा पांढरा खार वाळलेला होता.

“सख्या, विमान छान काढलंस.”

“आवडलं?”

“हां. आता त्याच्यात माझी झोपायची सोय कर. हॉस्टेलची खाट गेली.”

मी हसलो. ती हसली नाही. मग मीही थांबलो.

खाट म्हणजे नुसती खाट नव्हती. मुंबईत तिचं कोणी नाही. खाट असेल तर कॉलेज, नसेल तर जित्याहून रोज जाऊन-येऊन करायचं, नाहीतर पेणला बसून टायपिंग शिकायचं, असा सरळ हिशोब होता.

मालू शाळेत माझ्या वर्गात होती. राग हा तिचा तेव्हापासूनचा विषय, आणि त्यात तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही. एकदा कोणी पाहुणे यायचे होते म्हणून आम्हाला उन्हात रांगेत उभं केलं होतं. पाहुणे येईनात. मालू मैदानात मांडी घालून बसली. तिच्या मागे सगळा वर्ग बसला. मीही बसलो, पण सर आले तेव्हा सर्वात आधी उठलो तो मीच. आमच्या दोघांच्या स्वभावातला फरक एवढ्यात यावा.

कॉलेजात गेल्यावर हाच राग तिच्या घशात अडकला. इंग्लिशच्या तासाला तोंड उघडलं की मागच्या बाकांवर खुसखुस. पहिलं वर्षभर ती कँटीनमध्येही बोट दाखवून वडा मागायची. मग आणखी एक परदेशी भाषा निवडायची वेळ आली. फ्रेंच घेणाऱ्या पोरी शाळेपासून फ्रेंच शिकून आलेल्या. जर्मनचंही तेच. इटालियन मात्र कोणालाच येत नव्हतं. मालूने ऑफिसच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, “याच्यात सगळे पहिल्यापासूनच ना?” तो हो म्हणाला. तिने नाव लिहिलं.

पहिल्या तासाला मलबार हिलची पोरगी आणि जित्याची मालू एकसारख्या चुका करत होत्या. मालू सांगते, आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्यात ती भाषा बरीचशी लिहिली तशी वाचायची, म्हणजे आपल्याला सोयीची. पुढे एकदा इटालियनच्या बाईंनी तिकडची चित्रं दाखवली. देवळं, पुतळे, चौक, आणि मधेच समुद्रकाठी पांढऱ्या ढिगांची रांग. ढिगांवर कौलं लावलेली. मालू वर्गात मोठ्याने हसली. बाईंनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “काही नाही. आम्ही मिठावर पेंढा घालतो, हे कौलं घालतात.” त्या दिवशी तिने ठरवलं की हाच मुख्य विषय घ्यायचा. आता याला कारण म्हणायचं का, मला माहीत नाही. मी फ्लेक्सच्या धंद्यात पडलो त्याला तर एवढंही कारण नव्हतं.

पण गावाला कारण लागतं. आत्याने विचारलं तर मालू सांगायची, टुरिस्ट गाइड होणार. बँकेतल्या साहेबांना सांगायची, एक्स्पोर्टमध्ये मागणी आहे. जित्याच्या एका आजोबांना तिने सांगितलं होतं की तिकडून द्राक्षाचं औषध येतं, त्याच्या बाटलीवरचं वाचता यावं म्हणून. आजोबांना ते पटलं.

खाट परत मागायला आम्ही रोह्याला गेलो. मालू, तिची आई इंदुबाई आणि मी. मी साक्षीदार आणि आरोपी, दोन्ही. हैबतशेठचं ऑफिस वर, खाली त्यांचे कंपन्यांना लावलेले टँकर. शेठच्या शेजारी मंडळाचे सेक्रेटरी, निवृत्त पोपट सर.

मी चूक कबूल केली. हैबतशेठ मोठ्या मनाचे, म्हणाले, “चूक फ्लेक्सवाल्याची. खाट परत देता येईल, नाय असं नाय. पण आधी सांग पोरी, इटालियन कशाला?”

मला वाटलं, आता एक्स्पोर्ट येणार. आलं नाही.

“हे खाटेच्या नियमात आहे का, शेठ?”

“मंडळाला उत्तर द्यावं लागतं.”

“तुमच्या मेव्हण्यांच्या मुलीने कॉमर्स घेतलं. तिचं उत्तर कोणी दिलं?”

“कॉमर्सला कशाला म्हणून कोण विचारतो?”

“तेच म्हणतेय मी.”

पोपट सर मधे पडले. “तसं नाय बाळ. इटालियनला स्कोप काय हाय?”

“सर, तुमच्या गोविंदाने इंजिनिअरिंग केलं. तो कोलाडला मोबाइलची कव्हरं विकतो. त्याला स्कोप विचारला होतात?”

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. इंदुबाईने मालूचा दंड धरला. मालूने तो सोडवून घेतला.

“खरं सांगते, लिहून घ्या. मला आवडतं म्हणून घेतलं. इंग्लिशच्या वर्गात मी पहिल्याच दिवशी बारा वर्षं मागे होते, इथे कोणाच्या मागे नव्हते. नोकरी लागेल की नाही, मला माहीत नाही. कॉमर्सवालीलाही माहीत नाही. पण तिला कोणी खुर्चीसमोर उभं करून विचारत नाही. मिठागरातल्या पोरीने काही घेतलं की त्याचं पोट भरणार का, हे आधी बघायचं. आवडीने फक्त शेठ लोकांच्या पोरांनी शिकायचं काय?”

ती ओरडली नव्हती. खालून टँकरवाला क्लीनरला शिव्या देत होता, त्याचाच आवाज मोठा होता.

हैबतशेठ धंद्यातले. त्यांनी लगेच मधला रस्ता काढला. “असं कर. लिहून दे, की हे झाल्यावर बीएड करीन आणि आपल्या समाजाच्या शाळेत शिकवीन. खाट उद्या तुझी.” पोपट सरांनी कागद सरकवला.

“लिवून दे गो,” इंदुबाई म्हणाली. “मागून कोण वाचतंय?”

“मी वाचीन, आये.”

कागद तसाच राहिला. आम्ही जिना उतरलो.

परतीच्या गाडीत निडी स्टेशन येईपर्यंत इंदुबाई लेकीला बोलत होती. शब्द सगळे छापण्यासारखे नाहीत, आणि मी काहीही छापतो. निडी गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आवडतं म्हनतंस. मना कोनी इचारलं व्हतं, मीठ आवडतं का?”

  थोड्या वेळाने इंदुबाईने फडकं सोडलं, भाकरीचे तुकडे केले आणि पहिला मला दिला.  हैबतशेठचा राग येत होता, पोपट सरांचा येत होता, आणि दोघांच्या मधोमध माझं ते विमान उडत होतं.

खाट गेली ती गेली. जूनपासून मालू जित्याहून अंधारात गाडी पकडते आणि अंधारातच उतरते. सबंध रस्ता क्रियापदं पाठ करते. स्टेशनवर लोक अजून विचारतात, “काय गो, इटली रद्द झाली का?” ती म्हणते, “व्हिसात सख्याचा फोटो लागला, म्हणून परत पाठवलं.” विचारणारा मान डोलावतो. या लोकांना खोटं चटकन पटतं, आणि खरं सांगितलं की कागद सरकवतात.

पहिल्याच आठवड्यात ती दुकानात येऊन गेली. म्हणाली, “एक फ्लेक्स तू मला देणं लागतोस. त्याच साइजचा, त्याच जागी. एसटी स्टँडसमोर.” मजकूर तिनेच सांगितला, मी बसवला: ‘मालू इटलीला गेलेली नाही. ती रोज जित्याहून कॉलेजला जाते आणि इटालियन शिकते. कशाला, हे ज्याला विचारायचं असेल त्याने आधी आपल्या पोराचं सांगावं.’ विमान नाही, शुभेच्छुक नाहीत, खाली अर्धी जागा रिकामी.

“रिकामी जागा बरी दिसत नाही,” मी म्हटलं.

“मला दिसते.”

फ्लेक्स छापून झाला. झकास आलाय. गुंडाळी करून मशीनमागे उभा आहे. पण एसटी स्टँडसमोरच्या चौकटीत सध्या हैबतशेठचा वाढदिवस लागलाय, तोही मीच छापलाय, आणि चौकट त्यांची. वाढदिवस उतरला की मंडळाचा मेळावा आहे. मेळाव्यानंतर टँकर युनियनचं काहीतरी. माझ्या दुकानातलं निम्मं काम रोह्याहून येतं, हे मालूला माहीत आहे. म्हणून ती भांडत नाही, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

शनिवारी तिला कॉलेज नसतं. पेणच्या बाजाराला येते तेव्हा पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभी राहते, गुंडाळीकडे बघते आणि विचारते, “काय रे, शाई वाळली का?”

“हवा दमट हाय गो,” मी सांगतो.