कोरा रकाना

धडगावच्या कचेरीत मी साहेब होतो तेव्हाची गोष्ट. हाताखाली कोरीटचा एक कारकून होता. दुसऱ्याचा चहासुद्धा न घेणारा. बढती मिळाली की तो नंदुरबारला, घराजवळ येणार होता. त्यासाठी माझा गोपनीय अहवाल वर जायचा होता.

त्यात एक रकाना होता : इंटिग्रिटी. सगळे साहेब तिथे डोळे मिटून ‘संशयातीत’ लिहितात. मला मात्र विद्वत्तेची खाज. मी डिक्शनरी काढली. शब्द लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ, स्पर्श न झालेलं. म्हणून अभंग, सबंध. गणितातला इंटिजर, म्हणजे पूर्णांक, तोही त्याच घरातला. प्रामाणिकपणा हा अर्थ मागाहून चिकटला. चहाच्या वेळी मी सगळ्या कचेरीला हे व्याख्यान ऐकवलं. त्याला म्हटलं, “भाऊसाहेब, तुमच्यासाठी तो झिजलेला शब्द नको. चांगला शोधतो.”

“शोधा साहेब,” तो हसून म्हणाला.

शोधता शोधता माझी बदली झाली. निघायच्या गडबडीत मी सह्या ठोकल्या आणि रकाना तसाच वर गेला. कोरा.

सरकारात कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच. काहीतरी असेल, म्हणूनच साहेबाने लिहिलं नाही. बढती हुकली. कचेरीत कुजबुज, गावात कुजबुज : यानं काय खाल्लं असेल? मी नंतर वरच्या कचेरीला खुलाशाची दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तो निवृत्तीपर्यंत जीपला लटकून धडगावचा घाट चढत राहिला.

तेव्हापासून मला कोरी चौकट सहन होत नाही. बँकेचा फॉर्म असो की लग्नाचा आहेर लिहायची वही, मी ‘निरंक’ लिहून मोकळा होतो. बायको म्हणते, वेड लागलंय. लिहून झालं तरी मागे वळून पाहतो, एखादी चौकट राहिली तर नाही.

गेल्या महिन्यात नंदुरबारच्या स्टँडवर तो भेटला. केस पांढरे, हातात मेथीची पिशवी. मी घाईघाईने दोन चहा सांगितले.

तोच अहिराणीत म्हणाला, “काय साहेब, तो शब्द सापडना का?”

“नाही हो. संशयातीतच बरा होता.”

“मंग तोच लिखी देवाना व्हता ना.”

तोच लिहून द्यायचा होता, एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कोरीटची गाडी लागली. चहाकडे बघून त्याने नेहमीसारखे हात जोडले, नको म्हणाला, आणि चढला.

दोन्ही कप मीच प्यायलो.