व्याह्यांनी मारलेलं प्यादं

सात रस्त्याला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी फोनवर व्याह्यांशी बुद्धिबळ खेळतो. ते अक्कलकोटचे; माझी मुलगी त्यांची सून. व्याही भेटले की मान, टॉवेल-टोपी, पोटभर जेवण, एवढंच आपल्याकडे ठाऊक. लग्नानंतर आमचं खेळावर सूत जुळलं, याचं मला कौतुक होतं.

पण मला हार पचत नाही. लहानपणी हरायला लागलो की मी पट उधळून द्यायचो. फोनवर पट उधळता येत नाही, एवढंच.

परवा मी जिंकत आलो होतो. एक प्यादं दोन घरं पुढे सरकवलं; फोनवरच्या खेळात प्याद्याच्या पहिल्या चालीला तसं चालतं. त्यांचं शेजारचं प्यादं तिरकं जाऊन माझ्या प्याद्याच्या मागच्या घरात बसलं आणि माझं प्यादं गायब! वडिलांनी मला शिकवलेल्या खेळात प्यादं एकच घर चालायचं, त्यामुळे असं मारणं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पुढे डाव हातचा गेला आणि माझं डोकं फिरलं. लिहिलं, "मुलीकडचा म्हणून फसवता काय? असली लबाडी आमच्यात चालत नाही." पाठवून दिलं आणि गल्ल्यावर बसून चहा प्यालो. खोटं कशाला बोलू, चहा गोड लागला.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. मी भांडायच्या तयारीनेच उचलला.

"काय बीगरू!" कानडीत व्याह्यांना असंच म्हणतात. "तुमी लई मोठ्या मनाचे हाय बगा. हरल्यावर 'छान खेळलात' म्हणणारा मानूस कुटं भेटतो आता? मी घरात सगळ्यांना सांगितलं की!"

मला काही कळेना. मग एकदम लख्ख आठवलं. व्याह्यांची शाळा कानडी. मराठी बोलतात झकास, पण वाचताना अडतात. माझे निरोप त्यांना माझी मुलगीच वाचून दाखवते.

म्हणजे तो फोन हातात धरून, सासऱ्यांसमोर उभी राहून, तिने आपल्या बापाचे शब्द आधी मनात वाचले होते. आणि मग तोंडाने दुसरेच म्हटले होते.

कान तापले माझे. दुकानात कुणी नव्हतं, तरी मान खाली गेली. व्याह्यांना 'हो, हो' म्हणालो. त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली असावी, कारण मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"बाबा, तसं प्यादं मारता येतं. नियमच आहे तो. मी बघितलं."

"चुकलं गं माझं."

"ते राहू द्या. पण लिहिताना एवढं लक्षात ठेवा, ते मला मोठ्याने वाचायचं असतं."