दितासच्या खात्यावर लटकलेली माणसं

मर्सेदिता पाल्मारेस हिने कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटल्याचं इलोइलो शहराच्या ला पाझ भागात आजवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वय त्रेचाळीस, लग्न झालेलं नाही, सगळे दितास म्हणतात, धाकटे मनांग दितास म्हणतात, म्हणजे दितासताई. कुणी काही मागितलं की ती आधी चष्मा काढून पुसायची आणि मग ‘बघू’ म्हणायची. आता आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नकार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दितासचं ‘बघू’ म्हणजे होकारच, हेही सगळ्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यामुळे माणसं तिचा चष्मा पुसून होईस्तोवर निवांत थांबायची.

तिचं काम घरबसल्या. ऑस्ट्रेलियातल्या एका दवाखान्याचे दंतवैद्य दिवसभर बोलून ठेवायचे, कुणाची दाढ किडली, कुणाची काढली, आणि दितास कानाला हेडफोन लावून ते सगळं टाइप करायची. पगार यायचा इंटरनेटवरच्या पैशाच्या खात्यात. कुटुंबात असं खातं एकटीकडेच. आणि इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी धाकटा भाऊ एल्पिंग फोन घेऊन आला. तो तीनचाकी रिक्षा चालवतो, आणि जोडधंदा म्हणून गाण्याचं मशीन भाड्याने द्यायचा. आमच्याकडे गाण्याच्या मशीनशिवाय ना बारसं होतं ना वाढदिवस. पाहुणे जेवणार आणि मग माइक हातात घेऊन शेजाऱ्यांचे कान किटवणार. त्या मशीनला नवी गाणी पुरवणारी एक कंपनी होती, दरमहा चारशे नव्व्याण्णव पेसो, आणि ते पैसे फक्त तसल्या खात्यातूनच घेणार. ‘तेवढा पासवर्ड टाक ना मनांग, पैसे मी देतोच तुला,’ एल्पिंग म्हणाला. दितासने चष्मा पुसला. पहिले दोन महिने त्याने पैसे दिले. तिसऱ्या महिन्यात रिक्षाचं टायर फुटलं, आणि मग तो विषय कुणी काढला नाही. काढायचा कसा? भीड म्हणून काही असते की नाही!

मग तिया चोलिंग आली, आईची धाकटी बहीण. तिला कोरियन मालिका बघायच्या होत्या, आणि त्या सहा कंपन्यांत वाटलेल्या होत्या. मग एल्पिंगची मुलगी क्रिस्तेल, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, तिला फोटो ठेवायला जागा हवी होती, मग गाणी, मग अभ्यासाचं कसलंसं अ‍ॅप, मग चेहऱ्यावरचे डाग घालवून देणारं दुसरं. जीपनीत, म्हणजे आमच्या वडापच्या जीपगाडीत, जागा नसली की पोरं मागच्या दांड्याला लटकून जातात, आणि लटकणाऱ्याकडे ड्रायव्हर भाडं मागत नाही. दितासच्या खात्याची तशी जीपनी झाली होती. लटकलेली माणसं तीन होती आणि कंपन्या अकरा. महिन्याला चार हजार तीनशेच्या वर जात होते, आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. आई, म्हणजे नानाय पुरिंग, तेवढी लटकली नव्हती. तिच्याकडे बटणांचा फोन होता.

हे असंच चाललं असतं. पण दितासचा उजवा कान गेला.

एका दिवसात नाही गेला. दोन वर्षं हळूहळू जात होता. त्याच सुमाराला वडील वारले, घरात रडारड, त्यात कुणाचं लक्ष कानाकडे जाणार? तिने स्वतःही ते मनावर घेतलं नाही. हेडफोनचा आवाज वाढवत गेली. मग दवाखान्याकडून एक चुकलेला मजकूर परत आला, मग दुसरा. तिसऱ्याबरोबर पत्र आलं, पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल. तिने गुपचूप जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाली, उजवा जवळजवळ संपला, डावाही त्याच वाटेवर आहे, यंत्र लावलंत तर काम टिकेल. यंत्र बावन्न हजारांचं. हप्त्याने मिळेल, महिना चार हजार चारशे, वर्षभर.

दितास जीपनीतून परत येताना आकडे मांडत होती आणि तिला एकदम हसू आलं. हप्त्याचे पैसे तर ती आत्ताच भरत होती, फक्त मालिकांच्या आणि गाण्यांच्या नावाने.

आता कुणालाही वाटेल, यात काय एवढं, रविवारी जेवताना सांगायचं की बाबांनो, माझा कान गेलाय, आपापले पैसे आपापले भरा. वाटेल त्याने येऊन सांगून बघावं. कान गेला हे सांगायची तिला लाज वाटत होती. सगळ्या घराचा भार वाहणारी मोठी बहीण बहिरी झाली, तर उद्या तिच्याकडे बघायचं कुणी? आणि पैसे नाही म्हणायची त्याहून जास्त लाज. चार वर्षं दिलं आणि आज हात आखडता घेतला, असं तिया चोलिंग बोलणार नाही, पण डोळ्यांनी म्हणेल. तिया चोलिंगचे डोळे फार बोलतात.

म्हणून दितासने तोंडाने न सांगता बोटाने सांगायचं ठरवलं. एका मंगळवारी दुपारी, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असताना, तिने खातं उघडलं. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची यादी कुठे असते ते शोधायला तिला पाऊण तास लागला. ही यादी लपवून ठेवणाऱ्याचं डोकं मानलं पाहिजे. प्रत्येक नावापुढे ‘थांबवा’ असं बटण होतं. दाबलं की विचारायचं, खात्री आहे ना? पहिलं दाबलं. मालिका. मग फोटो, मग डाग. सात-आठ झाल्यावर तिला मजाच यायला लागली, आणि मजा येतेय म्हणून स्वतःचा राग आला. एल्पिंगच्या गाण्यांचं तिने शेवटी ठेवलं होतं. त्यावर त्याला चार पैसे मिळत होते. तिथे तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि दाबलं.

कुणी विचारलंच तर सांगायला तिने एक थाप तयार ठेवली होती: नियम बदललेत, खात्यातून दुसऱ्यांचे पैसे जात नाहीत, खात्याचाच गोंधळ आहे, मी काय करू. आरशासमोर म्हणूनही बघितली. बरी वाटली.

बुधवारी कुणी विचारलं नाही. गुरुवारी तिया चोलिंग वाडगाभर बात्चोय घेऊन आली, वर हाडातली मज्जा घातलेली, आणि दितास ते सूप संपवेपर्यंत समोर बसून राहिली. मालिकांबद्दल अवाक्षर नाही. शुक्रवारी क्रिस्तेल कॉलेजातून आली ती थेट दितासचे पाय चेपायला बसली. या पोरीने आजवर स्वतःच्या आजीचेही पाय चेपले नव्हते. एल्पिंगने न सांगता छपराची गळकी पन्हळ दुरुस्त केली. रविवारी जेवणात नानायने फणस, तूर आणि डुकराच्या मांसाचा रस्सा केला, दितासच्या आवडीचा, आणि चांगले तुकडे तिच्याच ताटात पडले. सगळे तिच्याशी हळू, मऊ बोलत होते. तिची थाप तशीच पोटात राहिली.

दितासला वाटलं, यांना खात्यात बिघाड झालाय असंच वाटतंय, नाहीतर माझी नोकरी गेली असं समजून कीव करताहेत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण खोटं बोललोही नाही आणि यांनी ते खरं मानलं, यापेक्षा भांडण परवडलं असतं. पुढच्या आठवड्यात बात्चोय दोनदा आलं. हारोच्या चर्चमधल्या मेरीमातेपुढे तिया चोलिंगने नऊ दिवसांची प्रार्थना धरल्याचं शेजारणीकडून कळलं. कशासाठी, ते शेजारण सांगेना.

दुसऱ्या रविवारी जेवायला बसले. टेबलाचं एक टोक भिंतीला लावलेलं आहे, आणि भिंतीकडच्या टोकाची खुर्ची वडिलांची. ते गेल्यापासून, एक रविवार सोडला तर, ती रिकामी. तिच्या डावीकडे दितास, मग ओळीने बाकीचे. दितास दर रविवारी ती खुर्ची फडक्याने पुसायची. वर्षाचं सुतक फिटलं तरी तिथे कुणी बसत नाही, घरच्यांची वडिलांवर किती माया, असं तिला वाटायचं आणि बरं वाटायचं.

भात वाढून झाला आणि एल्पिंगने खिशातून जाड पाकीट काढून तिच्या ताटाशेजारी ठेवलं. सगळ्यांनी जमवलेत, म्हणाला, तेवीस हजार चारशे आहेत. दितासने विचारलं, एवढे आले कुठून. तिया चोलिंगने रस्स्यात डोळे घातले. क्रिस्तेलच म्हणाली, बाबांनी गाण्याचं मशीन विकलं.

‘गाणीच बंद झाली, मग ते खोकं घेऊन काय चाटायचंय?’ एल्पिंग हसून म्हणाला.

दितासचा घास तिथेच राहिला. आजवर जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. तिने चष्म्याला हात लावला नाही. ती म्हणाली, ‘खात्याचा काही गोंधळ नव्हता. माझी नोकरीही गेलेली नाही. मीच बंद केलं सगळं. एकेक करून, माझ्या हाताने.’

कुणी दचकलं नाही. कुणी एकमेकांकडे बघितलंही नाही. एल्पिंग सावकाश पाणी प्यायला.

‘ते माहीत आहे मनांग,’ तो म्हणाला. ‘त्याच दिवशी सगळ्यांच्या फोनवर निरोप आला. पैसे भरणाऱ्या व्यक्तीने स्वतः थांबवले आहेत, असं स्वच्छ लिहिलं होतं. मला दोनदा वाचावं नाही लागलं.’

‘मला चार निरोप आले,’ क्रिस्तेल म्हणाली.

तरीही तुम्ही मला बात्चोय पाजत होतात? दितासने विचारलं. राग येत होता, पण कुणाचा ते ठरवता येईना.

तिया चोलिंगने आता चमचा खाली ठेवला. तिचं म्हणणं असं, की दितासने बटण दाबलं याचा राग पहिल्या संध्याकाळी आलाच होता, खोटं कशाला बोला. मालिकेचे शेवटचे दोन भाग राहिले होते. पण मग सगळे बसले आणि विचार केला. जी मुलगी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणाली नाही, ती एका दुपारी अकरा वेळा नाही म्हणते? म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. कॅन्सर, असं तिया चोलिंगने ठरवलं, आणि मेरीमातेला तसंच सांगितलं. आणि विचारायचं कसं? ज्याचं त्याने सांगितल्याशिवाय असं विचारतात का कुणी!

‘कॅन्सर नाही, तिया,’ दितास म्हणाली. हे सांगताना तिला अपराध्यासारखं वाटलं. सात दिवसांची प्रार्थना झाली होती. मग तिने उरलेलं एका दमात सांगितलं. कान गेलाय. दुसरा जातोय. दवाखान्याचं पत्र, यंत्र, बावन्न हजार, हप्ते. सांगून झाल्यावर ती ताटाकडे बघत राहिली, कारण आता कीव सुरू होणार, आणि ती तिला बघायची नव्हती.

नानाय पुरिंगने रस्स्याचा डाव उचलला. तिने दितासच्या ताटात आणखी एक फणसाचा तुकडा वाढला.

‘कानाचं तर आम्हाला वर्षभरापासून ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर वाटलं, हे काहीतरी दुसरंच निघालं.’

दितासने मान वर केली.

‘वर्ष झाल्यावर तुझ्या बापाच्या खुर्चीवर एल्पिंगने बसायचं, असं ठरलं होतं,’ नानाय म्हणाली. ‘बसलाही होता एक रविवार. पूर्ण जेवण तुझ्याशी बोलत होता, आणि तुला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. तू नुसती मान डोलवत होतीस. तेव्हापासून आम्ही सगळे या, तुझ्या डाव्या कानाच्या बाजूला बसतो.’

दितासने उजवीकडे बघितलं. ती खुर्ची तिने सकाळीच पुसली होती. वर्षभर, दर रविवारी, ती ज्या मायेचा धागा वडिलांशी जोडत होती, ती माया तिच्यासाठी होती, आणि तिला त्यातलं काही कळू नये म्हणून सगळं घर वाकडं बसून जेवत होतं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. तिया चोलिंगनेही सोबत म्हणून रडून घेतलं.

मग एल्पिंगच्या गाण्यांचं मी पुन्हा चालू करते, मशीन परत घेऊन ये, असं दितास नाक पुसत म्हणाली. एल्पिंग म्हणाला, नाही. पहिल्यांदा यंत्र, मग बघू. दितासने त्याच्याकडे नीट बघितलं. हे ‘बघू’ नकाराचं होतं.

ती उठली, आपलं ताट उचललं आणि वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसली. आता तिच्या उजवीकडे फक्त भिंत होती, आणि सगळी माणसं डावीकडे. एल्पिंग उठून तिच्या मोकळ्या झालेल्या खुर्चीवर बसला आणि त्याने भात पुढे ओढला.